होबो कोणाला म्हणावं

डकोटा एफ्रमसमोर कुणी होबोला 'बम' म्हटलं, की बाकीच्यांनी ओळखावं, आता कॉफी गार होणार. एफ्रम टोपी मागे सारायचा, घसा खाकरायचा आणि सुरू व्हायचा.

"हे बघ, पोरा." समोरचा पन्नाशीला टेकलेला असला तरी पोरच. "हिंडतो आणि काम करून खातो, तो होबो. नुसताच हिंडतो, कामाचं नाव काढलं की ज्याची कंबर धरते, तो ट्रॅम्प. आणि जो हिंडतही नाही अन् कामही करत नाही, एका जागी बसून दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तो बम. तिघांना एका माळेत ओवायचं नाही. पुन्हा ओवलंस तर पडलेले दात वेचत बसशील."

एवढ्यावर थांबला तर तो एफ्रम कसला! मग शब्दाची जन्मकथा यायची. अठराशे पासष्टला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, सैनिक परतले, तर कित्येकांची घरंच जागेवर नव्हती. तेव्हा एफ्रमच्या बापाने बंदूक खाली ठेवली, लांब दांड्याचं खुरपं खांद्यावर टाकलं आणि तो गावोगाव मका खुरपत गेला. इंग्रजीत त्या खुरप्याला 'हो' म्हणतात आणि गड्याला 'बॉय'. लोक 'हो-बॉय, हो-बॉय' करत हाका मारायचे, ते झिजून झालं होबो. "माझ्या बापाच्या खांद्यावर जन्मलाय हा शब्द," एफ्रम छाती काढून सांगायचा.

लंबू डफी हे बावीस वर्षं ऐकत आला होता आणि बावीस वर्षं खोडून काढत आला होता. "खुरपं नाही अन् बिरपं नाही. वायव्येकडच्या लाइनीवर टपालाच्या गोण्या फेकणारे हमाल 'हो, बॉय!' म्हणून ओरडायचे, त्यावरून आलाय."

"तू तिथे होतास?"

"तू होतास का रे म्हाताऱ्या, युद्धात? जन्मला तरी होतास?"

"माझा बाप होता!" एफ्रम गरजायचा, आणि तिथे वाद संपायचा. बापापुढे डफी बोलत नसे. कॅन्ससच्या गव्हाच्या कापणीत दोघांची गाठ पडली होती, तेव्हापासून डफीचं स्वतःचं म्हणावं असं या जगात एक पांघरूण होतं आणि एक हा म्हातारा.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे सदतीसच्या ऑगस्टमध्ये, त्यांचा तळ आयोवातल्या हार्विक गावाबाहेर पडला होता. रूळ वळण घेतात तिथे, ओढ्याकाठी. अशा तळाला जंगल म्हणायची रीत. झाडं मोजून सात होती. चरबीच्या मोठ्या डब्यात रस्सा शिजायचा. कुणी गावातून बटाटे आणायचा, कुणी कांदा, कुणी हाडं, आणि ज्याचं काही डब्यात पडलं त्याने डब्यातलं खावं, हा कायदा. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने लाकूड-पाणी आणावं, तेवढ्यावर त्याचंही भागतं. पण एफ्रमचा कायदा सरकारी कायद्याहून कडक. लाकूड-पाणी म्हणजे घरकाम, त्याला तो काम म्हणत नसे.

आणि एफ्रमच्या हातून आता काम होत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात मिनेसोटाच्या तळ्यावर बर्फ कापताना एक लादी घसरली ती थेट त्याच्या उजव्या हातावर. हाड सांधलं, पण तीन बोटं सरळ राहिली ती राहिलीच. त्याला चमचा धरवत नसे, मग कुऱ्हाड कुठली धरवणार? वसंतभर कुठे दारं राखून, कुठे कोंबड्या हाकून त्याने भागवलं. हार्विकला आल्यावर तेही मिळेना.

"जेवायला ये रे," डफी हाक मारायचा.

"गावात खाऊन आलोय. डुकराची तंगडी होती. तुमच्या या पाण्यात कोण तोंड घालतो!"

पहिल्या दिवशी डफीला पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मनात म्हटलं, बरी तंगडी मिळते याला रोज. तिसऱ्या दिवशी एफ्रम ओढ्यावर तोंड धुवायला वाकला, तेव्हा त्याच्या पँटच्या दोरीची गाठ डफीला दिसली. आठवड्यापूर्वी होती तिथून ती दोन बोटं आत सरकली होती. म्हातारा उपाशी होता. खाईन तर कष्टाचं, नाहीतर उपाशी मरेन, असा त्याचा बाणा, आणि बोललं ते करून दाखवायची खोड त्याला जन्मापासूनची.

डफीला रडू आलं आणि रागही आला. समोर जाऊन बोलावं तर म्हातारा त्याच पावली निघून गेला असता. मग डफीने डोकं चालवलं. त्याने ते फार क्वचित चालवावं असंच त्याला ओळखणारे म्हणत.

गावाच्या कडेला ब्रेक्केबाई राहत. नॉर्वेकडचं घराणं, नवरा वारलेला, तीस वर्षं शाळेत शिकवून घरी बसलेल्या. त्यांच्या फाटकाच्या खांबावर कुठल्यातरी होबोने मांजर कोरून ठेवली होती, म्हणजे या घरात दयाळू बाई आहे. बाईंना ती खूण ठाऊक होती. दर वर्षी खांबाला रंग देताना त्या मांजर वगळून रंगवत.

पहाटेच डफी तिथे गेला. परसात ओंडक्यांचा ढीग होता. त्याने बाईंना सगळं सांगितलं, कुऱ्हाड घेतली आणि दोन तासांत ढीग फोडून मोकळा झाला. "रोज एकेक आळी धरतो, आज ही. आता एफ्रम येईल काम मागायला," तो म्हणाला. "त्याला म्हणा, फोडणारा फोडून गेला, रचायचं राहिलंय. रचणं एका हाताने होतं. मग त्याला पोटभर वाढा."

"आणि कळलं तर?" ब्रेक्केबाईंनी विचारलं.

"कसं कळेल? लाकूड काय बोलतं?"

आठ वाजता एफ्रम आला. टोपी काढली आणि रीतीप्रमाणे आधी काम विचारलं. कुठल्याही दारात आधी काम मागायचं, घास मागाहून, हे त्याने कित्येक नव्या पोरांच्या डोक्यात हाणून बसवलं होतं. बाईंनी परसाकडे बोट केलं. एफ्रमने डाव्या हाताने चार फाकी उचलून भिंतीशी लावल्या, पाचवी उचलली आणि थबकला. ओंडक्याभोवती उडालेल्या ढलप्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग टोपी डोक्यावर ठेवली.

पायरीवर ताट मांडलेलं होतं. अंडी, मक्याचा पाव, आणि लेफ्सं, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी लावून गुंडाळलेल्या.

"बाई," एफ्रम म्हणाला, "हे लाकूड डावखुऱ्याने फोडलंय. ढलप्या सगळ्या उलट्या अंगाला पडल्यात. आमच्या तळावर डावखुरा एकच आहे, डफी. आणि ज्याने हे एवढं फोडलं तो रचूनही गेला असता. इथे माझं काही काम नव्हतंच."

"अहो, पण खाऊन तर घ्या!"

"तुमचं मन मोठं आहे," म्हणून त्याने टोपीला हात लावला आणि तो चालू लागला.

जंगलात आल्यावर तो डफीच्या पुढ्यात उभा राहिला. ओरडला असता तर डफीला बरं वाटलं असतं. पण एफ्रम हळू बोलला. "बावीस वर्षांत तू माझ्याशी एकदाही खोटं बोलला नव्हतास. बोललास तेही मला बम करायला."

"कोण म्हणतं बम तुला? तोंड फोडीन त्याचं!"

"मी म्हणतो. दुसऱ्याने केलेल्या कामावर जेवतो त्याला काय म्हणतात? सांग ना. आता का दातखीळ बसली?"

"एफ्रम, तू मरशील रे!"

"दहाच्या गाडीने जातोय," एफ्रम म्हणाला. "एकटा. मागे येऊ नकोस."

स्टेशनात रेल्वेचे पहारेकरी काठ्या घेऊन फिरत, तिथून चढायची सोय नव्हती. मालगाडी पकडायची ती इथे, वळणावर. इथे ती थांबत नसे, नुसती जरा मंदावे. तिच्याबरोबर धावायचं, शिडीचा गज दोन्ही हातांनी पकडायचा, मग पाय टाकायचे. एका हाताने लटकणारा माणूस झोला खातो आणि चाकाखाली जातो, हे त्या तळावरच्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलं होतं. एफ्रमनेच ते सगळ्यांना शिकवलं होतं. होबो मेला की हे लोक 'मेला' म्हणत नाहीत, 'पश्चिमेची गाडी पकडली' म्हणतात. दहाची गाडी पश्चिमेलाच जात होती.

डफी उलट्या पावली ब्रेक्केबाईंकडे पळाला. "बाई, घोटाळा झाला. केलं काय अन् झालं काय! तो मरायला निघालाय."

बाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू त्याला फसवलंस, ते त्याला लागलं," त्या म्हणाल्या. "मला खरंच एक काम आहे. अडलेलं." मंदीत सरकारने लिहिणाऱ्यांसाठी काम काढलं होतं. लोकांची बोली, म्हणी, शब्द गोळा करून पानं धाडायची. बाईंच्या वाट्याला जे शब्द आले होते त्यात एक होता होबो. गावात विचारलं तर पाद्री एक सांगे, न्हावी दुसरं. चार आठवडे ते पान कोरं होतं.

"पण तो म्हणेल बोलणं हे काम नव्हे," डफी म्हणाला.

"बघू," म्हणून बाईंनी वही घेतली, ताट फडक्यात बांधून डफीच्या हातात दिलं, आणि त्या निघाल्या.

जंगलात बाई आलेली पाहून सगळ्यांनी टोप्या काढल्या. एकाने बसायला खोका पालथा घातला. एफ्रम आपली वळकटी बांधत होता, डाव्या हाताने आणि दातांनी.

"मला होबो शब्दाचं मूळ हवंय," ब्रेक्केबाई म्हणाल्या. "इथे सगळ्यात जास्त वर्षं रस्त्यावर कोण आहे?"

एकदम गलका झाला. एक म्हणाला, तो होबोकेन गावावरून आलाय, सगळ्या गाड्या तिथून सुटायच्या. दुसरा म्हणाला, छे, घराकडे निघालेल्या सैनिकांना 'होमवर्ड बाउंड' म्हणायचे, त्याची आद्याक्षरं जोडून झालाय. डफीने सवयीने गोण्या आणि हमाल काढले. एफ्रमचे कान तांबडे होत चालले होते.

"मूर्ख आहेत सगळे," शेवटी तो म्हणाला. "पण मी सांगणार नाही. तोंडाची वाफ दवडून जेवायचं हा बमचा धंदा."

"मी तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून तोंडाची वाफच दवडली," बाई म्हणाल्या. "त्यावर जेवले. मी बम का?"

एफ्रमने वळकटीची अर्धी बांधलेली दोरी हातातून सोडली.

"मला हे पान धाडायचंय आणि ते माझ्याने होत नाही," बाई म्हणाल्या. "गडी शोधायला आलेय. जमत असेल तर बसा, नसेल तर गाडीला अजून तास आहे."

एफ्रम वळकटीवर बसला. "काम पुरं झाल्याशिवाय ताट उघडायचं नाही," त्याने बजावलं, आणि टोपी मागे सारली. यादवी युद्ध, बंदूक, खुरपं, मका, सगळं ओळीने आलं. बाईंची पेन्सिल भराभर चालली. संपल्यावर डफीने ताटाच्या गाठीला हात घातला.

"थांब," बाई म्हणाल्या. "एफ्रम, वडील कुठल्या रेजिमेंटमध्ये होते?"

"विस्कॉन्सिनची कुठलीशी."

"युद्धावरून ते घरी आलेच नाहीत? तसेच मका खुरपत गेले?"

"हो. म्हणजे... आले. मग गेले."

"कधी गेले?"

"मी सहा वर्षांचा होतो. बहात्तर साल."

"म्हणजे युद्ध संपून सात वर्षांनी. खुरपं तुम्ही पाहिलंत?"

दुरून शिट्टी ऐकू आली, गाडी स्टेशनातून सुटली होती. बाईंनी लिहिलेल्या पानावर तिरपी रेघ मारली. "हे काम झालं नाही," त्या म्हणाल्या. शाळेत जितक्या शांतपणे म्हणत असतील तितक्याच शांतपणे. "पुन्हा करावं लागेल."

डफीला वाटलं, बाईंचा गळा दाबावा. आता म्हातारा उठणार, वळकटी खांद्याला लावणार आणि वळणाकडे धावणार. एफ्रम उठलाही. गाडीचा धडधडाट जवळ येत होता, पायाखालची माती हलत होती. एफ्रमने गाडीकडे पाहिलं, मग त्या रेघ मारलेल्या पानाकडे. अर्धवट काम टाकून तो जन्मात कुठून उठला नव्हता. त्याने वळकटी खाली टाकली आणि परत तिच्यावर बसला. गाडी त्यांच्या मागून गेली, पन्नास-साठ डबे.

"खुरपं नव्हतं," एफ्रम म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "काहीच नव्हतं हातात. दोन वर्षं तो ओसरीवर बसून होता नुसता. आई दोघांचं काम करायची. एके सकाळी उठला, रुळांवरून चालायला लागला. मी फाटकात उभा होतो, माझ्याकडे त्याने वळून पाहिलं नाही. आईने शेजाऱ्यांना सांगितलं, इलिनॉयला मका खुरपायला गेलाय. मलाही तेच सांगितलं. दर वर्षी सांगायची, यंदा मका मोठा आला असेल म्हणून उशीर झालाय." त्याने टोपीने कपाळ पुसलं. "विशी ओलांडली तेव्हा मीही निघालो. पश्चिमेला एका लाइनीवर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. अर्थ विचारला तर कुणालाच माहीत नाही. शब्द मोकळा होता, बाई. मी त्यात बापाला नेऊन बसवलं."

डफी मान खाली घालून उभा होता. बापापुढे आपण बावीस वर्षं गप्प राहिलो, याचं त्याला फार बरं वाटलं.

"मग मूळ काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही असं लिहा. शेहेचाळीस वर्षं या रस्त्यावर काढलेल्या माणसाला माहीत नाही. बाकीचे सांगतात त्यांनाही नाही. अर्थ मात्र मी सांगितलाय तोच. तो बदलायचा नाही."

बाईंनी ते तसंच उतरवलं, शब्दन् शब्द. मग वही फिरवून त्याच्यासमोर धरली. एफ्रमने ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं आणि परत दिली.

"झालं का काम?" त्याने विचारलं.

"झालं. चांगलं झालं," ब्रेक्केबाई म्हणाल्या.

"दमलो मी. एवढा गव्हात नव्हतो दमलो." एफ्रमने डफीकडे पाहिलं. "आता काय मुहूर्त बघतोयस का? सोड ते फडकं, गाढवा!"

डफीने घाईघाईने गाठ सोडली. डब्यातला रस्साही वाढून आणला. एफ्रम डाव्या हाताने खाऊ लागला. निम्मं दाढीवर सांडत होतं, डोळ्यांतलं पाणीही त्यातच ओघळत होतं, आणि त्याला दोन्हींची फिकीर नव्हती.

बाई वही मिटून उठल्या, पण त्यांचा पाय निघेना. "एफ्रम, हे लिहिण्यासाठी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "वडील पुन्हा कधी भेटले?"

"नाही." एफ्रमने पोळीचा तुकडा मोडला. "ज्या जंगलात गेलो तिथे आधी म्हाताऱ्यांची तोंडं बघत आलो. आता जिथे जावं तिथे सगळ्यात म्हातारा मीच असतो."

डफीने त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढली आणि तो त्याच्या शेजारी टेकून बसला.